माणसं झाडांसारखी दिसतात तेव्हा

आजचं वाचन : मार्क ८:२२-२६



मार्कच्या शुभवर्तमानात एक चमत्कार आहे, ज्यावर आपल्याकडे फारसे संदेश होत नाहीत. बेथसैदा गावात लोक एका आंधळ्या माणसाला येशूकडे घेऊन येतात. येशू त्याचा हात धरतो, त्याला गावाबाहेर नेतो, त्याच्या डोळ्यांना थुंकी लावतो, त्याच्यावर हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतंय का? तो माणूस वर बघतो. दिसतंय, पण नीट नाही. माणसं चालताहेत एवढं कळतं, पण ती त्याला झाडांसारखी वाटतात. मग येशू पुन्हा एकदा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो. आता सगळं स्वच्छ दिसू लागतं.

येशूने लोकांना बरं केल्याच्या कितीतरी गोष्टी आपण लहानपणापासून संडे स्कूलमध्ये ऐकल्या. एका शब्दाने बरे झालेले, झग्याच्या गोंड्याला हात लावून बरे झालेले. पण दोन स्पर्शांत बरा झालेला माणूस एवढा एकच आहे, आणि ही गोष्ट फक्त मार्कने लिहून ठेवली आहे.

आज मला त्या दोन स्पर्शांच्या मधल्या वेळेवर मनन करायचं आहे. त्या वेळात तो माणूस आंधळा नाही, आणि पूर्ण बराही नाही. येशूचा हात त्याला लागून गेलाय, तरी समोरचं धूसर आहे. तुमच्यापैकी काही जण आज याच मधल्या वेळेत असतील, म्हणून हे लिहिते आहे.

मधल्या वेळेत राहणारं एक जोडपं

इथे सांताक्रूझ पूर्वेला आमचा छोटा प्रार्थनागट दर शुक्रवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी जमतो. त्यातलं एक जोडपं गेलं दीड वर्ष या मधल्या वेळेत राहतंय. नावं सांगत नाही. त्यांना विचारूनच हे लिहिते आहे. आम्ही सगळे त्यांना दादा-वहिनी म्हणतो.

दादांना एका सकाळी अचानक फिट आली. तोवर काहीच नव्हतं, थोडी डोकेदुखी सोडली तर. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला, बोलण्याच्या भागाजवळ गाठ दिसली. ऑपरेशन झालं. गाठीचा बराचसा भाग निघाला, सगळा नाही. याचं कारण मला वहिनींनी समजावलं. इतर काही अवयवांत गाठीभोवतीचा थोडा चांगला भागही सर्जन काढून टाकतात, म्हणजे काही मागे राहायला नको. मेंदूत असं करता येत नाही. जरा जास्त काढलं तर बोलणं, हात हलवणं किंवा आठवण यांतलं काहीतरी कायमचं जाऊ शकतं. म्हणून सर्जन एका ठिकाणी थांबतात आणि उरलेलं काम किरणांवर आणि औषधांवर सोडतात.

मग सहा आठवडे रेडिएशन. सोमवार ते शुक्रवार, रोज. सांताक्रूझहून लोकलने प्रभादेवी, तिथून परळ. गटातले आम्ही आळीपाळीने सोबत जायचो. रेडिएशनच्या आधी प्लास्टिकची एक जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवतात. ती घट्ट झाली की चेहऱ्याचा मुखवटा तयार होतो. रोज तोच मुखवटा घालून डोकं टेबलाला पक्कं करतात, कारण किरण दरवेळी नेमके त्याच जागी पडायला हवेत. दादा म्हणायचे, आत श्वास घेता येतो, पण तोंड उघडून ‘आमेन’ म्हणता येत नाही, मनातच म्हणावं लागतं.

आता त्यांना ‘पंखा लाव’ म्हणायचं असतं आणि शब्द सापडत नाही. ते वर बोट दाखवतात आणि म्हणतात, “ते… वारं.” वहिनी उठून पंखा लावतात. दर तीन महिन्यांनी एमआरआय असतो. रिपोर्टच्या आधीचा आठवडा त्या घरात कोणी नीट झोपत नाही.

बेथसैदाच्या त्या माणसासारखंच. दिसतंय, पण झाडांसारखं.

अमेरिकेतला एक पाळक आणि त्याची बायको

तुमच्यापैकी अनेकांनी मॅट चँडलर यांचे संदेश ऑनलाइन ऐकले असतील. टेक्सासमधल्या फ्लॉवर माउंड इथल्या द व्हिलेज चर्चचे ते पाळक. २६ नोव्हेंबर २००९, थँक्सगिव्हिंगचा दिवस. ते ३५ वर्षांचे, घरात तीन लहान मुलं. त्या सकाळी त्यांना घरातच फिट आली आणि ते कोसळले. तपासणीत मेंदूच्या उजव्या पुढच्या भागात गाठ निघाली. ४ डिसेंबरला ऑपरेशन झालं. नंतर कळलं की गाठ कॅन्सरची आहे, तिसऱ्या ग्रेडची. डॉक्टरांनी दोन ते तीन वर्षांची भाषा केली. मग सहा आठवडे रेडिएशन आणि पुढे दीड वर्ष केमोथेरपी. ती दोन-तीन वर्षं केव्हाच मागे पडली.

ही गोष्ट आपण बहुतेक वेळा शेवटाकडून सांगतो. डॉक्टर चुकले, देव जिंकला, टाळ्या. पण चँडलर पती-पत्नींना शेवट माहीत नव्हता. ते दीड वर्ष त्यांनी एकेक दिवस करून काढलं. त्या काळात मॅट आपल्या मंडळीला व्हिडिओवरून तब्येतीची खबर देत राहिले. त्यांच्या पत्नी लॉरेन यांनी नंतर, २०१६ मध्ये, स्तोत्र १०७ वर एक पुस्तक लिहिलं. स्तोत्र १०७ मुद्दाम उघडून वाचा. त्यात चार प्रकारचे संकटात सापडलेले लोक आहेत : वाट चुकलेले, कैदेतले, आजारी आणि वादळात सापडलेले. चौघेही आधी आरोळी मारतात, आणि मग सुटका येते. आरोळी मारणं म्हणजे विश्वास कमी असणं, असं त्या स्तोत्रात कुठेही नाही.

येशूने प्रश्न का विचारला?

परत मार्ककडे येऊ. येशूला माहीत नव्हतं का त्या माणसाला किती दिसतंय? तरीही त्याने विचारलं. मला वाटतं, त्याला त्या माणसाच्या तोंडून खरं उत्तर हवं होतं.

विचार करा, तो माणूस काय म्हणू शकला असता. समोर प्रभू उभा आहे. आपल्याला हाताला धरून इथवर आणलंय. अशा वेळी ‘हो हो, सगळं दिसतंय, धन्यवाद’ म्हणून मोकळं होणं सोपं होतं. प्रभूचा मान राहिला असता, लोक खूश झाले असते. आणि तो माणूस उरलेलं आयुष्य माणसांना झाडं समजत जगला असता.

त्याने तसं केलं नाही. जेवढं दिसत होतं तेवढंच सांगितलं. येशूने त्याला दटावलं नाही. तुझा विश्वास कमी आहे असंही म्हटलं नाही. फक्त पुन्हा हात ठेवला.

हे मी इतकं लांबवून का सांगते? कारण आपल्या मंडळ्यांमध्ये, विशेषतः आपल्या तरुणांच्या ग्रुपांमध्ये, साक्षीची घाई फार असते. ऑपरेशन झालं की लगेच ‘पूर्ण बरे झाले, देवाला गौरव’ असा मेसेज फिरतो. मग रोग्याला त्या मेसेजप्रमाणे वागावं लागतं. दादा थकलेले असतात तेव्हाही कोणी घरी आलं की उठून बसतात, हसतात. स्टेरॉइडमुळे चेहरा सुजलेला असतो आणि भेटायला आलेला माणूस म्हणतो, “अरे वा, अंग धरलंय की!” मेंदूची सूज उतरवायला हे औषध द्यावंच लागतं, पण त्याने भूक वाढते, झोप उडते, चिडचिड होते. त्या चिडचिडीचा पहिला वार बहुतेक बायकोवर होतो. ते कोणी साक्षीत सांगत नाही.

मग गेल्या पावसाळ्यात एका पाहुण्याने दादांना विचारलं : देवाने बरं केलंय यावर विश्वास आहे ना? मग त्या फिटच्या गोळ्या अजून का?

दादा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी वहिनींना विचारलं, “बंद करू का?”

इथे मी अगदी स्पष्ट लिहिते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी घरी हीच चर्चा चालू असेल. फिटच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर फिट परत येऊ शकते, आणि न थांबणारीही येऊ शकते. त्यात जीव जाऊ शकतो. मुंबईत तर माणूस कधी लोकलच्या दारात असतो, कधी प्लॅटफॉर्मच्या कडेला, कधी बाइकवर. गोळी कमी करायची की बंद करायची, हे फक्त उपचार करणारे डॉक्टर ठरवतात. कोणी कितीही प्रेमाने, कितीही वचनं सांगून म्हटलं तरी.

वहिनींनी त्यांना बायबल उघडून हाच उतारा वाचून दाखवला. म्हणाल्या, “याने येशूला खोटं सांगितलं नाही. मग आपण मंडळीला का सांगायचं?” आणि रात्रीची गोळी पाण्याच्या ग्लासासोबत समोर ठेवली.

थुंकी, हात आणि परळचा रस्ता

आणखी एक गोष्ट पाहा. येशू नुसत्या शब्दाने बरं करू शकत होता, तरी इथे त्याने थुंकी वापरली, हात वापरले. साधनं वापरणं त्याला कमीपणाचं वाटलं नाही.

परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलकडे मी याच नजरेने बघते. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे हॉस्पिटल सुरू केलं. एका घरातल्या दुःखातून हजारो घरांसाठी दार उघडलं. ते पारशी होते, आपल्या मंडळीतले नव्हते. देव कोणाचे हात वापरेल हे आपण ठरवायचं नसतं. आणि हॉस्पिटलसमोरच्या रस्त्याला नाव आहे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचं. गोव्याच्या ख्रिस्ती घरातला हा सर्जन कॅन्सरच्या रोग्यांसाठी इथेच झटला. आपल्या गोळ्या, आपले स्कॅन, आपले डॉक्टर हे प्रार्थनेचे प्रतिस्पर्धी नाहीत. कितीतरी वेळा ते प्रार्थनेचं उत्तर असतात.

डॉक्टरांनाही धूसर दिसतं

रेडिएशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत एमआरआय कधी कधी फसवतो. किरणांमुळे आलेली सूज स्कॅनवर गाठ वाढल्यासारखी दिसू शकते. अशा वेळी अनुभवी डॉक्टरही लगेच निकाल देत नाहीत. म्हणतात, दोन महिन्यांनी पुन्हा बघू. दादांच्या पहिल्या स्कॅनच्या वेळी हेच झालं. ते दोन महिने फार लांब होते. दुसऱ्या स्कॅनमध्ये ती सूज कमी झालेली दिसली.

लिअँडर पेस यांचं उदाहरण आठवा. मूळ गोव्याच्या कुटुंबातला हा टेनिसपटू. २००३ मध्ये मार्टिना नवरातिलोवासोबत ऑस्ट्रेलियन ओपन आणि विम्बल्डन जिंकलं, आणि त्याच ऑगस्टमध्ये मेंदूत काहीतरी आहे म्हणून अमेरिकेत ऑरलँडोच्या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये भरती. सगळ्या देशाला ट्यूमरची भीती. पुढच्या तपासण्यांत कळलं की तो जंताच्या अळीमुळे झालेला, औषधाने बरा होणारा संसर्ग आहे. पुढच्या वर्षी ते अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळले. पहिल्या नजरेला जे दिसतं ते दरवेळी खरं नसतं; चांगलं दिसलं तरी नाही, वाईट दिसलं तरी नाही. म्हणून मधल्या वेळेत शेवटचा निकाल लिहून टाकू नका. ‘बरा झालो’ असाही नको, ‘संपलं’ असाही नको.

दोघांना एकाच वेळी दिसत नाही

आजारपणात नवरा-बायकोचा विश्वास एका वेगाने चालत नाही. कधी रोगी शांत असतो आणि सांभाळणारी व्यक्ती आतून कोसळलेली असते. कधी उलट. मग एकमेकांचा राग येतो : मला शांती मिळाली, तुला का नाही?

आपल्या मराठी ख्रिस्ती घराण्यातलं सगळ्यांत लाडकं जोडपं म्हणजे नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली पाच वर्षं ताटातूट, अश्रू, नातेवाइकांचा रोष, आणि पुन्हा जवळ येणं. ज्याला आधी दिसलं त्याला वाट पाहावी लागली. पण मे १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढे कोणी नेलं? ज्यांना उशिरा दिसलं त्या लक्ष्मीबाईंनीच. उशिरा येणारी नजर कच्ची असते असं कुठे आहे?

दादा-वहिनींनी आता एक सवय लावून घेतलीय. रात्री प्रार्थनेआधी दोघं एकमेकांना येशूचाच प्रश्न विचारतात : आज तुला काय दिसतंय? ज्याला जे दिसतं ते तो सांगतो. “आज भीती दिसतेय” हेही चालतं. दुसऱ्याने ते दुरुस्त करायचं नाही. मग दोघं मिळून प्रार्थना करतात.

गावाबाहेर

येशूने त्या माणसाला गावाबाहेर नेलं, आणि नंतर सांगितलं की गावात न जाता सरळ घरी जा. सगळं गाव जमवून तमाशा केला नाही. आपल्या काळातलं गाव म्हणजे आपले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. रोग्याचा फोटो, रिपोर्ट, पट्टी बांधलेलं डोकं टाकण्याआधी त्याला विचारा. काही बरं होणं फक्त येशू आणि तो माणूस यांच्यातच व्हायचं असतं.

आणि बेथसैदा हे गाव कोणाचं होतं? पेत्राचं (योहान १:४४). या उताऱ्याच्या लगेच पुढे पेत्र म्हणतो की तू ख्रिस्त आहेस. आणि त्यानंतर काही ओळींतच तोच पेत्र, वधस्तंभाचं नाव निघताच, प्रभूलाच अडवायला लागतो. म्हणजे पेत्रालाही अजून माणसं झाडांसारखीच दिसत होती! प्रभूने त्याला कडक शब्दांत सुनावलं, पण सोडून दिलं नाही.

दुसरा स्पर्श कधी?

हे मला टाळून पुढे जायचं नाही. प्रत्येक गाठ जात नाही. मेंदूच्या काही गाठी परत येतात. पौलाने शरीरातला काटा काढण्यासाठी तीनदा विनंती केली, आणि काटा राहिला. सोबत कृपा मिळाली (२ करिंथ १२:७-९). त्याच पौलाने लिहिलं की सध्या आपल्याला सगळं धूसर दिसतं, समोरासमोर पाहणं पुढे आहे (१ करिंथ १३:१२). दुसरा स्पर्श कोणाला या आयुष्यात मिळेल, कोणाला पुनरुत्थानाच्या सकाळी. तारीख आपल्या हातात नाही. पण पहिला स्पर्श करून प्रभू अर्ध्यावर निघून गेला, असं शुभवर्तमानात एकदाही झालेलं नाही. त्या माणसाला धूसर दिसत होतं तेव्हाही येशू त्याच्यासमोर हातभर अंतरावर उभा होता.

या आठवड्यात करण्यासाठी

१. ‘बरे झालात ना?’ हा प्रश्न विचारू नका. ‘आज कसं वाटतंय?’ विचारा आणि उत्तर ऐकायला थांबा.

२. सांभाळणाऱ्या व्यक्तीसाठी काहीतरी करा. एक डबा, हॉस्पिटलची एक फेरी, मुलांचा एक तासाचा अभ्यास. बेथसैदाच्या त्या माणसालाही कोणीतरी येशूपर्यंत आणलं होतं.

३. कोणाला फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, किती वेळ चाललंय ते घड्याळात बघा. तोंडात चमचा घालू नका, चप्पल किंवा कांदा हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच हॉस्पिटल गाठा.

४. कोणालाही औषध सोडायला सांगू नका, आणि कोणी सांगत असेल तर गप्प बसू नका.

५. आज रात्री प्रभूला खरं सांगा, तुम्हाला काय दिसतंय ते. जेवढं दिसतं तेवढंच.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आमचा हात धरून आम्हाला इथवर आणलंस. आम्हाला अजून नीट दिसत नाही. भीती आणि आशा एकमेकींत मिसळून दिसतात. जे आज मुखवट्याखाली मनातच आमेन म्हणताहेत, जे रिपोर्टची वाट बघताहेत, जे रोग्याच्या उशाशी जागे आहेत, त्यांच्याजवळ राहा. त्यांच्या डॉक्टरांच्या, नर्सेसच्या हातांना आशीर्वाद दे. आम्हाला तुझ्यासमोर खरं बोलायचं धैर्य दे, आणि तुझ्या दुसऱ्या स्पर्शाची वाट पाहायला बळ दे. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.